परदेशी चलनाचे खाते : लहान व्यवसायाने काय पाहावे?

न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेत बँकेच्या खात्यावर लेख कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. स्मरणिकेत संस्थेचा इतिहास असावा, देणगीदारांची नावे असावीत, शुभसंदेश असावेत. हे सर्व योग्यच आहे. परंतु धर्मादाय न्यासाचे एक काम असेही आहे की, समाजातील होतकरू माणसाने स्वतःच्या पायावर उभे राहावे आणि उद्या त्यानेच चार जणांना हात द्यावा. आपल्या धार-देवास भागातील अशी माणसे आता केवळ इंदूरच्या बाजारापुरती राहिलेली नाहीत. कोणी बाघचे छापील कापड परदेशी पाठवितो, कोणी मसाले किंवा सोयाबीनचे पदार्थ, कोणी चामड्याच्या वस्तू. कोणी घरी संगणकावर बसून परदेशातील गिऱ्हाइकाचे आराखडे काढून देतो. माल चांगला असतो, मेहनतही असते. परंतु डॉलर किंवा युरो हाती येतेवेळी त्यातील किती भाग वाटेतच गळतो, याचा हिशेब फार थोडे लोक मांडतात. तो हिशेब कसा मांडावा आणि त्यासाठी कोणते खाते निवडावे, हे साध्या शब्दांत सांगण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

माळव्याला ही गोष्ट नवी नाही

अनेक चलनांचा संसार माळव्याने पूर्वीच केला आहे. संस्थानी काळात इंदूरचा होळकरी रुपया, उज्जैनकडचा शिंदेशाही रुपया, प्रतापगडचा सालिमशाही रुपया आणि इंग्रजी कलदार हे सारे याच प्रदेशात फिरत होते. १८७६ च्या देशी नाणे कायद्यानंतर ज्या थोड्या संस्थानांनी सरकारी टांकसाळीतून आपल्या नावाची, परंतु राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा असलेली नाणी पाडून घेतली, त्यांत धार होते आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या अशा दोन्ही पात्याही होत्या. धारची तांब्याची नाणी १८८७ ची, तर देवासची १८८८ ची आहेत. एका गावात दोन राजे आणि दोघांचीही नाणी निरनिराळी, असा देवासचा थाट होता.

अशा बाजारात सराफावाचून पान हलत नसे. एक रुपया देऊन दुसरा घ्यावयाचा म्हणजे बट्टा द्यावा लागे. आज दर काय, बट्टा किती आणि कोणत्या सराफाकडे तो कमी पडतो, हे ज्या व्यापाऱ्याला ठाऊक असे, त्याच्या पदरी नफा राही. ज्याला ठाऊक नसे, त्याचा नफा सराफाच्या पेटीत जाई. पुढे संस्थानी नाणी गेली आणि १ एप्रिल १९५७ पासून आणे-पैही जाऊन दशमान पैसे आले. १९७४ पासून तर देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये साऱ्या देशाच्या नोटा छापल्या जाऊ लागल्या. ज्या गावात एका वेळी दोन राजांची नाणी चालत, तेथूनच सर्व देशाचे एक चलन बाहेर पडावे, हाही काळाचा महिमाच. परंतु बट्टा मात्र कोठे गेला नाही. तो आता सराफाच्या पेढीवरून बँकेच्या विनिमय दरात जाऊन बसला आहे.

हे खाते म्हणजे नेमके काय?

जाहिरातींत 'मल्टी-करन्सी अकाउंट' असा शब्द दिसतो. एकच खाते आणि त्यात डॉलर, पौंड, युरो हवे तितके दिवस ठेवावेत, असे चित्र त्यावरून डोळ्यांपुढे उभे राहते. विलायतेत किंवा सिंगापुरात नोंदलेल्या कंपनीला ते मिळूही शकते. आपल्या देशात मात्र परकीय चलनाचा व्यवहार १९९९ च्या विदेशी चलन व्यवस्थापन कायद्याखाली, म्हणजे 'फेमा'खाली चालतो. हा कायदा १ जून २००० पासून अमलात आला. त्याखाली येथील निर्यातदारास जे मुख्य साधन मिळते, त्याचे नाव 'एक्स्चेंज अर्नर्स फॉरिन करन्सी अकाउंट' असे आहे. बँकेत त्यास ई.ई.एफ.सी. खाते म्हणतात.

त्याची लक्षणे पुढीलप्रमाणे आहेत.

हे चालू खाते आहे. त्यावर व्याज मिळत नाही आणि त्यातील शिलकेच्या तारणावर कर्जही मिळत नाही. आमच्यापैकी ज्या घरांत व्याजाचा पैसा घेणे धर्मास धरून नाही असे मानतात, त्यांना या बाबतीत मनास टोचणी लावून घेण्याचे कारण नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

परदेशातून मालाचे अथवा सेवेचे मोल म्हणून आलेली सर्व रक्कम यात जमा करता येते. परंतु रुपये देऊन डॉलर विकत घ्यावेत आणि ते येथे साठवावेत, असे करता येत नाही. परदेशी कर्जाची किंवा भांडवलाची रक्कमही यात घालता येत नाही.

प्रत्येक चलनाचे खाते बहुधा वेगळे उघडावे लागते. डॉलरचे एक, युरोचे दुसरे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. एखाद्या महिन्यात जमा झालेले परकीय चलन पुढील महिन्याच्या अखेरीपर्यंत वापरले गेले नाही किंवा आधी केलेल्या बांधिलकीस लागले नाही, तर ते रुपयांत बदलावेच लागते. हा नियम २०१२ पासून आहे. उदाहरणार्थ, २ एप्रिलला आलेले डॉलर ३१ मेपर्यंत, म्हणजे ५९ दिवस ठेवता येतील. २९ एप्रिलला आलेले डॉलर मात्र ३२ दिवसच. तेव्हा हे खाते म्हणजे धान्याचे कोठार नव्हे. गाडी भरेपर्यंत पोती ठेवावयाचा तो ओटा आहे, असे समजावे.

या खात्यातून परदेशी माल, रंग, यंत्राचे भाग यांची किंमत देता येते. परदेशी दलालाची दलाली, प्रदर्शनातील जागेचे भाडे, धंद्यासाठी केलेल्या प्रवासाचा खर्च हेही भागविता येते.

आपणास त्याची गरज आहे काय?

येथे थोडे शाळेतले गणित करू. आकडे केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. समजा, बाजारात एका डॉलरचा दर ९० रुपये आहे. बँक आपल्याकडून डॉलर घेते ८९ रुपये ४० पैशांना आणि आपणास विकते ९० रुपये ६० पैशांना. हा दोन्ही बाजूंचा ६०-६० पैशांचा फरक म्हणजेच आजचा बट्टा होय. तो पावतीवर वेगळा लिहिलेला नसतो. दरातच मुरलेला असतो.

बाघच्या एका लहान छपाई कारखान्यास ६,००० डॉलर आले. त्यांतील २,००० डॉलर पुढील महिन्यात परदेशी प्रदर्शनाच्या भाड्यासाठी पाठवावयाचे आहेत. सारी रक्कम रुपयांत घेतली, तर या २,००० डॉलरचे १,७८,८०० रुपये मिळतील. पुन्हा तेच २,००० डॉलर विकत घेण्यास १,८१,२०० रुपये लागतील. म्हणजे एक डॉलरही न हलता २,४०० रुपये गेले. ई.ई.एफ.सी. खात्यात ते २,००० डॉलर तसेच राहू दिले असते, तर हा खर्च टळला असता.

आता उरलेले ४,००० डॉलर पाहा. ते रुपयांत घ्यावयाचेच आहेत. येथे खात्याचा उपयोग नाही. उपयोग आहे तो दराचा. तीच बँक ६० पैशांऐवजी १५ पैसे फरक लावण्यास कबूल झाली, तर डॉलरमागे ४५ पैसे, म्हणजे १,८०० रुपये वाचले. वर्षाला ४०,००० डॉलर येत असतील तर हीच बचत १८,००० रुपये होते. एका गरजू मुलाच्या वह्या-पुस्तकांचा आणि फीचा बराच भार एवढ्यात उचलला जाईल.

यावरून निष्कर्ष असा की, ज्याला परदेशातून पैसे येतात आणि परदेशी द्यावेही लागतात, त्याने हे खाते अवश्य घ्यावे. ज्याला फक्त येतात, त्याने आधी दराची घासाघीस करावी, खाते नंतर. केवळ दर वाढेल या आशेने डॉलर धरून ठेवणे हा जुगाराचाच एक प्रकार आहे. १९४९ च्या अवमूल्यनानंतर डॉलर ४ रुपये ७६ पैशांच्या आसपास होता. ६ जून १९६६ रोजी तो साडेसात रुपये झाला. १९९१ मध्ये रुपया दोन टप्प्यांत आणखी उतरला आणि १९९३ पासून दर बाजारावर सोडला गेला. लांब पल्ल्यात रुपया उतरत गेला हे खरे. परंतु आपणास मुदत मिळते ती दोन महिन्यांच्या आतली, आणि तेवढ्या काळात दर वर जाईल की खाली, हे कोणीच सांगू शकत नाही. ज्याचा नफा थोडा आहे त्याने बँकेशी 'फॉरवर्ड' करार करून पुढील तारखेचा दर आजच बांधून घ्यावा, हे अधिक शहाणपणाचे.

बँक निवडताना विचारावयाचे प्रश्न

मोठे नाव पाहून बँक निवडू नये. उत्तरे पाहून निवडावी. आमच्या मते पुढील सात प्रश्न पुरेसे आहेत.

१. परकीय चलनाचे काम करण्याचा पूर्ण अधिकार बँकेस आहे काय, आणि ते काम या शाखेत होते की कागद दुसऱ्या शहरी जातात? अनेक शाखा कागद घेतात आणि मोठ्या शाखेकडे पाठवितात. मग एका सहीसाठी आठवडा जातो. काम इंदूरला होत असेल, तर तेथील जबाबदार अधिकाऱ्याशी थेट बोलता येईल काय, हे पाहावे.

२. दर कोणता लावणार? बँकेच्या फलकावरील दर लहान गिऱ्हाइकासाठी असतो. तो मागून कमी करून घेता येतो. 'बाजारभावापासून किती पैसे फरक?' असे स्पष्ट विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. ऑगस्ट २०१९ पासून क्लिअरिंग कॉर्पोरेशनचे 'एफएक्स-रिटेल' हे व्यासपीठ सुरू आहे. त्यावर लहान ग्राहकासही बाजारातील डॉलरचा दर डोळ्यांनी पाहता येतो व बँकेमार्फत त्या दराने व्यवहार करता येतो. आपली बँक त्यात सामील आहे काय, हे विचारण्यात संकोच नसावा.

३. इतर आकार कोणते? पैसे आल्याबद्दल, प्रमाणपत्राबद्दल, खाते राखल्याबद्दल निरनिराळी रक्कम कापली जाते. शिवाय चलन बदलण्यावर वस्तू व सेवा कर आहे. तो साऱ्या रकमेवर नसून नियमाने ठरविलेल्या लहान भागावर असतो. ४ लाख रुपयांच्या बदलावर कराचे मूल्य २,५०० रुपये धरतात आणि त्यावर १८ टक्के, म्हणजे ४५० रुपये कर होतो. यापेक्षा बरेच अधिक कापले गेले असेल, तर विचारणा करावी.

४. मधली बँक किती घेणार? पैसे 'स्विफ्ट' या संदेश-व्यवस्थेतून येतात आणि वाटेत एखादी मध्यस्थ बँक आपला हिस्सा कापते. बीजकात १,००० डॉलर लिहिले आणि हाती ९७५ आले, असे होते ते यामुळे. हा खर्च कोणी सोसावयाचा, हे गिऱ्हाइकाशी आधीच ठरवून बीजकात लिहावे.

५. कोणत्या चलनांत खाते मिळते? युरोपचे गिऱ्हाईक युरोत पैसे देत असता ते आधी डॉलरमध्ये आणि मग रुपयांत बदलले गेले, तर बट्टा दोनदा बसतो. काही देशांशी रुपयांतच बीजक करण्याची सोय रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये खुली केली. आपल्या गिऱ्हाइकास ती लागू पडते काय, तेही विचारावे.

६. रक्कम आल्यावर किती दिवसांत कळवितात? आपण सांगितल्यावाचून ती आपोआप रुपयांत बदलून टाकण्याची पद्धत आहे काय? असल्यास खात्याचा हेतूच फसतो. कायमची लेखी सूचना देऊन ठेवावी.

७. निर्यातीचे कागद कोण मिटविणार? माल गेल्याची जकातीची नोंद आणि पैसे आल्याची बँकेची नोंद यांची जुळणी रिझर्व्ह बँकेच्या यादीत करून घ्यावी लागते. ती न झाल्यास माल जाऊन आणि पैसे येऊनही निर्यातदार थकबाकीदार दिसतो आणि पुढचे काम अडते.

इतर वाटा

लहान मालाच्या फुटकळ विक्रीसाठी बँकेखेरीज दुसरी वाट आहे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये परदेशी व्यवहारांचे पैसे गोळा करणाऱ्या मध्यस्थ संस्थांसाठी नियम केले. एका नगास २५ लाख रुपयांपर्यंतची मर्यादा ठेवली. या संस्थांमार्फत परदेशी गिऱ्हाईक आपल्याच देशातल्याप्रमाणे पैसे भरते आणि ते रुपयांत आपल्या खात्यात येतात. चाळीस-पन्नास डॉलरच्या ओढणीसाठी किंवा संगणकाच्या लहान कामासाठी ही सोय उत्तम. मात्र येथे चलन साठत नाही, आणि दर व दलाली मिळून बट्टा किती हे बँकेप्रमाणेच तपासावे लागते. संस्था रिझर्व्ह बँकेची परवानगी घेतलेली आहे की नाही, हे प्रथम पाहावे.

२०२५ च्या जानेवारीत निर्यातदारांना परदेशातील बँकेतही व्यापारासाठी चलन-खाते उघडण्याची मोकळीक मिळाली. परंतु तेथील रक्कमही ठरलेल्या मुदतीत वापरावी किंवा परत आणावी लागते. लहान धंद्याने तिकडे धाव घेण्याची गरज आम्हास दिसत नाही. पीथमपूरच्या विशेष आर्थिक क्षेत्रातील कारखान्यांना निराळे नियम आहेत. त्यांनी आपल्या विकास आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करावी.

दोन गोष्टी कधीही करू नयेत

पहिली गोष्ट. आपल्या अनेक घरांतील मुले, भाऊ, जावई आखाती देशांत नोकरीस आहेत. 'बँकेची कटकट कशाला? गिऱ्हाइकाला म्हणावे, दुबईला भाईजानच्या खात्यात पैसे भर. घरी येईल तेव्हा तो घेऊन येईल,' असे सहज बोलले जाते. बोलणाऱ्याच्या मनात पाप नसते. परंतु कायद्याच्या दृष्टीने निर्यातीचा पैसा देशात आलाच नाही, असे होते. असा भंग सिद्ध झाल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय आपल्याबरोबर त्या बिचाऱ्या नोकरदार नातेवाइकाच्या खात्यावरही संशय येतो. गिऱ्हाइकाऐवजी दुसऱ्या कोणी पैसे द्यावयाचे असतील, तर त्यासाठी नियमाची वाट आहे. ती बँकेस आधी कळवून धरावी. हुंडी-हवाल्याची वाट तर मुळीच धरू नये. अमानत ही जशी माणसाची, तशी ती कायद्याचीही असते.

दुसरी गोष्ट आपल्या न्यासासारख्या संस्थांविषयी. परदेशी राहणाऱ्या एखाद्या हितचिंतकाने देणगी देऊ केली, म्हणून ती कोणा सभासदाच्या धंद्याच्या खात्यात घेणे हा गंभीर गुन्हा ठरू शकतो. परदेशी देणगीसाठी २०१० चा वेगळा कायदा आहे. त्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून अशी देणगी प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच यावी लागते. व्यापाराचा पैसा आणि खैरातीचा पैसा यांच्या वाटा अगदी निराळ्या आहेत. त्या एकमेकींत मिसळू देऊ नयेत.

कामाचा क्रम

नवशिक्यासाठी क्रम सांगून ठेवतो. प्रथम व्यवसायाच्या नावाने पॅन व रुपयांचे चालू खाते. नंतर आयात-निर्यात क्रमांक. तो घरबसल्या अर्ज करून मिळतो आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातील माहिती पुन्हा पक्की करावी लागते. मग बँकेचा अधिकृत विक्रेता-क्रमांक जकात खात्याकडे नोंदविणे. त्यानंतर ई.ई.एफ.सी. खाते. गिऱ्हाइकास पाठवावयाच्या बीजकावर खातेदाराचे नाव बँकेत आहे तसेच, अक्षराचाही फरक न करता, बँकेच्या स्विफ्ट अक्षरांसह लिहावे. पैसे आले की कशाबद्दल आले हे सांगणारा योग्य क्रमांक बँकेस द्यावा आणि प्रमाणपत्र मागून घेऊन बीजकाला टाचून ठेवावे. निर्यातीचा पैसा देशात आणण्यासाठी दीर्घकाळ नऊ महिन्यांची मुदत होती; नोव्हेंबर २०२५ मध्ये ती पंधरा महिने करण्यात आली. असे नियम पुन्हा बदलू शकतात. म्हणून मोठा सौदा करण्यापूर्वी बँकेकडून चालू परिपत्रक वाचून घ्यावे.

बाघचा कारागीर कापड नदीच्या वाहत्या पाण्यात धुतो, धावडीच्या फुलांबरोबर उकळतो, तेव्हा कोठे तो लाल आणि काळा रंग पक्का बसतो. सिंधमधून आलेल्या खत्री घराण्यांनी ही कला तेथे जोपासली आणि २००८ मध्ये तिला भौगोलिक ओळखीची सरकारी मान्यताही मिळाली. ज्या हातांना रंगाची एक छटा चुकलेली दिसते, त्याच हातांनी बँकेच्या कागदावरील ६० पैसे न पाहता सही करावी, हे आम्हास बरे वाटत नाही. हिशेब समजून घेणे हे कमीपणाचे नाही आणि बँकेत प्रश्न विचारणे हे उद्धटपणाचे नाही. आपल्या शाळांतील वरच्या वर्गाच्या मुलामुलींनाही विनिमयाचे हे गणित शिकवावे आणि न्यासाने वर्षातून एखादा दिवस जाणत्या बँक अधिकाऱ्यास बोलावून लहान व्यावसायिकांच्या शंका सोडवाव्यात, अशी आमची नम्र सूचना आहे. या महोत्सवाच्या निमित्ताने एवढे जरी झाले, तरी वाटेत गळणाऱ्या पैशांतून एखाद्या घराची चूल आणि एखाद्या मुलाचे शिक्षण निश्चित चालेल.